बांधावरचे वाल

आमच्या गावात कुणाचं सुतक कुणाला लागतं आणि किती दिवसांचं, हे मी सांगतो. माझ्याआधी वडील सांगायचे. माणूस जातो, रडारड थोडी ओसरते आणि मग कुणीतरी आमच्या ओटीवर येऊन उभं राहतं. "आमाला किती?" मी दहा म्हटलं की दहा, तीन म्हटलं की तीन. नुसती आंघोळ करा म्हटलं, की ती माणसं ओढ्यावर डोकं भिजवतात आणि कामाला निघून जातात. कृषी खात्याच्या नोकरीत मी तालुकाभर फिरलो, भाताच्या आणि वालाच्या जातींवर भाषणं दिली, पण गावात मला मान आहे तो या सुतकाच्या शब्दाचा. भावकीच्या पिढ्या मला तोंडपाठ आहेत. त्यात माझी चूक होत नाही, असं सगळे धरून चालतात.

चूक झालीही नाही. मी जाणूनबुजून खोटं सांगितलं. ते आता लिहून ठेवायची घाई झाली आहे. घाई का, ते पुढे कळेल.

आमचं गाव निडी स्टेशनापासून आत, डोंगराच्या अंगाला आहे. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. वरची आळी, म्हणजे आमची, आणि खालची आळी, दोन्हींचं आडनाव एक, कुलदैवतही एक. पण मूळ पुरुषापासून पिढ्या लांबत गेल्या की सुतक कुठेतरी तुटतं. वडिलांनी शेवटच्या आजारपणात मला जवळ बसवून सांगितलं होतं की, वरच्या नि खालच्या आळीचं सुतक माझ्या पिढीपासून तुटतं. त्यांच्या पिढीपर्यंत दहा दिवस. माझ्या पिढीतलं पहिलं माणूस गेलं, की खालच्या आळीला बोलवायचं आणि सांगायचं, आता आपलं तुटलं, यापुढे फक्त आंघोळ. बायको तेव्हा त्यांचे पाय चेपत होती. तिनेही ऐकलं. मी वडिलांना विचारलं होतं, मग ती माणसं आपली कोण? ते म्हणाले, शेजारी.

आता त्या मुलीविषयी. ती खालच्या आळीतली. नात्याने नात लागते. रोह्याच्या कॉलेजात शिकली, धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टने जायची. ती नोकरी सोडून तिने वालाचा उद्योग काढला. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. बिरडं सगळ्यांना हवं असतं, सोलायला कुणाला नको असतं. तिने आळीतल्या बायका जमवल्या. ओढ्याकाठची बंद पडलेली भातगिरणी घासूनपुसून घेतली, भिंतींना चुना काढला, खाली फरशी घातली. सोललेले वाल पाकिटात भरून रोह्याला, पेणला, पनवेलला जायचे.

अडचण एकच होती. सोललेला वाल दिवसभरात आंबतो. जेवढं त्या दिवशी खपेल तेवढंच सोलता यायचं, आणि बायकांना आठवड्यातून दोन-तीन दिवसच काम मिळायचं. गिरणीत एक कोल्ड रूम झाली, तर रोज काम आणि मोठ्या गिऱ्हाइकांना माल. नाही झाली, तर बायका कंपनीच्या ठेक्यावर जाणार आणि ती पुन्हा लॅबमध्ये. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

पेणला एका संस्थेने तरुण मुलींच्या खाद्यउद्योगांसाठी कार्यक्रम काढला. काही महिने शिकवायचं, बाजाराशी गाठ घालून द्यायची, आणि शेवटी ज्या उभ्या राहतील असं वाटेल त्यांना भांडवल. त्याचं नाव एक्सलरेटर. बायकांनी त्याचं एक्सलेटर केलं. ती बॅग घेऊन निघाली की ओट्यावरून आवाज यायचा, "चालली गो एक्सलेटर पिळाया." ती मागे न बघता म्हणायची, "मागं बसा नि घट्ट धरा. पडलात तर मी थांबायची नाय."

प्रत्येक मुलीने आपल्या भागातलं एक अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून आणायचं होतं. तिने मला विचारलं. आम्ही दोघं एसटीने पेणला जायचो. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली की ती मोबाइलवर आपलं सगळं मांडलेलं दाखवायची, आणि मी कडव्या वालाबद्दल, आमच्या मातीबद्दल सांगायचो. ती लिहून घ्यायची. निवृत्तीनंतर माझं कुणी लिहून घेतलं नव्हतं. ते दिवस फार चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये प्रत्येकीने बोलायचं होतं. पेणची एक मुलगी तळणीची मिरगुंडं करायची, धरमतरकडची एक आपल्या घरच्या आगरातलं मीठ पाकिटात भरून विकायची. त्या चांगल्या बोलल्या. मग ही उठली. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत होतो. ती म्हणाली, आमच्याकडे बिरडं जेवताना वाल कुणाच्या शेतातला ते लोक विचारतात, सोलला कुणी ते कुणी विचारत नाही. इथवर ठीक होतं. पुढे ती म्हणाली, आमच्या गावात एक घर आहे. त्या घरचा माणूस वालाबद्दल सगळं जाणतो, सगळीकडे जाऊन शिकवतो. त्याच्याकडे आलेल्या पाहुण्यांसाठी वाल सोलून सोलून त्या घरच्या बाईच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, मधोमध चिरलंय. त्याला ते अजून दिसलेलं नाही. मला त्या अंगठ्याच्या कामाला मोल आणायचंय.

तिने नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

परतीच्या गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. घरी आल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तिचा अंगठा पाहिला. नख काळं होतं. मधोमध चिरलेलं होतं. मला खरोखर दिसलं नव्हतं. त्या वेळी मला जी लाज वाटली, ती मी बायकोपाशी बोलायला हवी होती. मी बोललो नाही. लाजेचा राग झाला आणि तो त्या मुलीवर गेला. हॉलभर लोकांच्या देखत तिने माझं घर उघडं केलं, एवढंच मनात घोळत राहिलं.

संस्थेची माणसं आणि भांडवल देणारे लोक प्रत्येक मुलीचं काम चालू असताना बघायला येणार होते, आणि तिथेच निर्णय होणार होता. आमच्याकडे ते भात झोडून झाल्यावर येणार होते. तिने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाल भिजत घातले. गिरणीत ओल्या फडक्यांची गाठोडी ओळीने टांगली. बायकांनी नव्या साड्या काढून ठेवल्या. भेटीच्या आदल्या दिवशी सकाळी पनवेलहून फोन आला, माझा चुलतभाऊ गेला. माझ्याच वयाचा. आमच्या पिढीतला पहिला.

क्रियाकर्म पनवेललाच होतं. मी निघायच्या तयारीत असताना ओटीवर माणसं जमली. वरच्या आळीचा प्रश्नच नव्हता. खालच्या आळीकडून मात्र ती स्वतः आली. हात कोपरापर्यंत ओले होते, तशीच आली होती.

"आजोबा, एक विचारू? रागवू नका."

मी म्हटलं, विचार.

"आमची आजी सांगायची, तुमच्या पिढीपासून वरच्या आळीचं नि आमचं सुतक तुटनार हाय. हे आजोबा तुमच्याच पिढीतले. मग आमाला हाय का नाय?"

आतल्या दाराशी बायको उभी होती. वडिलांनी जे सांगायची जबाबदारी माझ्यावर टाकली होती, ते सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडायचं, आंघोळ करा म्हणायचं, एवढंच काम.

"तुटलेलं नाही," मी म्हणालो. "दहा दिवस."

तिने वाद घातला नाही. बरं म्हणाली. बाजूला बसलेली खालच्या आळीतली एक म्हातारी बोलली, "तरी सांगत व्हते, लगीन कर गो. सासरी असतीस तर तुला हे काय नसतं." दोघातिघांनी हसू दाबलं. ती मुलगीही थोडं हसली. ते हसू अजून माझ्यापुढे येतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

सुतकातल्या हाताचं कुणी खात नाही. गिरणी बंद झाली. तिने संस्थेला फोन केला. ती माणसं चांगली होती, त्यांनी दुःख व्यक्त केलं. पण पाहुणे लांबून आले होते, त्यांना थांबता येत नव्हतं. पुढच्या वेळी बघू म्हणाले. मिरगुंडंवालीला भांडवल मिळालं, मीठवालीलाही मिळालं. पेणला गेलो की मिरगुंडंवालीची नवी शेड रस्त्यावरून दिसते. मी मान दुसरीकडे फिरवतो.

गिरणीच्या मागे माझ्या शेताचा बांध आहे. पनवेलहून परतलो त्या सकाळी ती आणि तिची आई मोड आलेले वाल तिथे आणून ओतत होत्या. मोड इतके वाढले होते की फडक्याच्या विणीतून पांढरे बाहेर आले होते. फडकं उलटं केलं तरी वाल सुटत नव्हते. ती एकेक गाठोडं झटकत होती. ती शेवटचं गाठोडं झटकेपर्यंत मी ओटीवरून बघत होतो.

वाल सुपीक मातीत पडले, आणि जमिनीत ओल होती. ते रुजले. पौषापर्यंत वेल बांधावरून शेराच्या कुंपणावर चढले, त्यांना फुलं आली. शेंगा वाळून गळायला लागल्या तेव्हा मी गड्याला सांगून ते कापून घेतले. पुढच्या थंडीत गळालेल्या शेंगांतून पुन्हा आले. मग कापायला सांगायचा मला धीर झाला नाही.

बायको मला कधी काही बोलली नाही. पण शेंगा वाळल्या की ती टोपली घेऊन त्या बांधावर जायची. तेच वाल भिजवायची, त्याच अंगठ्याने सोलायची आणि बिरडं करून माझ्या ताटात वाढायची. पहिल्या वेळी मी विचारलं, कुठले वाल? ती म्हणाली, "बांधावरचे." पुढे मी विचारायचं सोडलं. दर थंडीत ते बिरडं ताटात यायचं. मी खायचो. ती समोर बसून, मी संपवेपर्यंत वारा घालायची, थंडी असली तरी.

खालच्या आळीतल्या काही बायका ठेक्यावर कंपनीत लागल्या. मुलगी पुन्हा लॅबमध्ये गेली. सकाळी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी दिसायची. मी दिसलो की विचारायची, "बरं हाय ना आजोबा?" सुट्टीच्या दिवशी ती उरलेल्या बायकांना घेऊन थोडे वाल सोलायची. उद्योग तिने मरू दिला नाही. एवढ्यावरच माझं मन थोडं सैल व्हायचं, आणि त्याचीही लाज वाटायची.

गेल्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर बायको गेली. दुपारी आडवी झाली, उठलीच नाही. तेव्हा कुणी मला विचारायला ओटीवर आलं नाही. चुलतभावाच्या वेळी मी शब्द दिलेला होता, त्यामुळे विचारायचं काही उरलं नव्हतं. खालच्या आळीने आपणहून दहा दिवस धरले. ती मुलगी दहाही दिवस येत राहिली, माझ्या सुनेबरोबर बसली, आलेल्यांना पाणी दिलं. दहाव्या दिवशी तिची आई माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, पेणच्या एका लग्नाची मोठी ऑर्डर होती, पोरीने सोडून दिली. "आपल्या मानसापुढं काय त्याचं."

तेव्हा सांगायला हवं होतं. घरात माणसं होती, बायकोचा दिवा जळत होता. मी मुंडण केलेलं डोकं खाली घातलं. लोकांना वाटलं, दुःख आहे. दुःख होतंच, पण त्या क्षणी मान खाली गेली ती दुःखाने नाही.

तेव्हापासून घरात एक वास येतो. दुपारचा येतो, स्वयंपाकघरातून. मोड आलेले वाल जास्त राहिले की जो आंबूस वास सुटतो, तो. घरात वालाचा एक दाणा नाही. मी डबे उघडून पाहिले, मोरी धुऊन घेतली. मुलगा-सून आली होती, त्यांना विचारलं. त्यांना काही येत नव्हता. चुलतभाऊ मला स्वप्नात दिसत नाही. मी त्याच्या मरणाचा असा उपयोग करून घेतला, त्याने येऊन काही बोलायला हवं होतं. बायकोही येत नाही. वास मात्र येतो, आणि उन्हात बांधावरच्या वाळलेल्या शेंगा तडकतात ते ओटीपर्यंत ऐकू येतं. आता त्या गोळा करायला कुणी जात नाही.

या वर्षी पेणचा कार्यक्रम पुन्हा निघाला. तिने पुन्हा भाग घेतला, सगळ्या पायऱ्या चढली. भात झोडून झालं की ती माणसं गिरणी बघायला येणार आहेत. मार्गदर्शक म्हणून तिने पुन्हा माझंच नाव दिलं. संस्थेतून फोन आला तेव्हा मी रोह्यात डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर होतो. डॉक्टर नुकतेच म्हणाले होते की हृदयाची झडप बरीच खराब आहे, जपून राहा. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार स्वतःच्या मरणाचा आला नाही. विचार आला की, मी नेमका त्या आठवड्यात गेलो तर? दहा दिवस. माझाच शब्द.

दोन दिवसांनी दुपारी मी गिरणीत गेलो. बायका टबाभोवती बसून सोलत होत्या. तीही त्यांच्यात बसली होती. मला खुर्ची आणली, मी बसलो नाही. चुलतभावाचं सुतक तुम्हाला नव्हतं, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला ते माहीत होतं. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, मी मुद्दाम उलटं सांगितलं. बोटं थांबली. तिचा हात पाण्यात होता, तो तसाच राहिला.

"का?" तिने विचारलं.

"त्या अंगठ्यामुळे," मी म्हणालो. "पेणला तू बोललीस ते."

तिला कळलं. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या घरच्या आजीचंही आमाला नव्हतं?"

"नव्हतं."

तिने हात बाहेर काढून पदराला नाही, कडेच्या फडक्याला नीट पुसले, एकेक बोट. "आजीचं पाळलं ते पाळलं. ते मी परत नाय घेत. तुमचं मात्र नाय पाळनार."

मी म्हटलं, तेवढंच सांगायला आलो आहे.

इतक्यात ती म्हातारी, तीच, टबाच्या पलीकडून बोलली. "असं कसं? तुझ्या जिभेवर हाय का ते, तू म्हनशील तवा तुटंल नि तू म्हनशील तवा लागंल? तुटलं व्हतं तर तुटलं व्हतं. आमी दोनदा पाळलं. पाळलं म्हंजे जुळलं. आता तुझंबी पाळावं लागंल." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलेलं होतं. एक तरुण सून हळूच म्हणाली, "मग आजोबांनाच सांगा, पावनं येऊन जाईस्तोवर मरू नका." हशा झाला. मुलगी हसली नाही. तिने पुन्हा पाण्यात हात घातला.

म्हणून हे लिहून ठेवतो. वरच्या आणि खालच्या आळीचं सुतक माझ्या पिढीपासून तुटलेलं आहे. चुलतभावाचं तुम्हाला नव्हतं, माझ्या बायकोचं नव्हतं, माझंही नाही. मी गेल्यावर ओटीवर कुणी विचारायला उभं राहील, त्याच्याआधी हे मोठ्याने वाचा. ओढ्यावर आंघोळ करा आणि गिरणी उघडा. ही माझी इच्छा नाही, हे असंच आहे.

पण त्या बायका ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. खोटं सांगायला एक शब्द पुरला. खरं सांगून ते पुसलं जात नाही. त्यामुळे माझ्या हातात आता एवढंच उरलं आहे की जगायचं. गोळ्या वेळेवर घेतो. ओढ्याच्या निसरड्या धोंड्यांवर जात नाही, दुपारच्या उन्हात निघत नाही, मीठ सोडलं आहे. एवढं जपून मी उभ्या आयुष्यात राहिलो नव्हतो.

मुलीने कंपनीतून रजा घेतली आहे. सकाळी ती माझ्या ओटीवरून गिरणीकडे जाते. पूर्वी थांबायची, बरं हाय ना विचारायची. आता आजोबा म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. वळणावर आली की पावलं हळू करते आणि ओटीकडे बघते, मी खुर्चीत आहे की नाही. मी हात वर करतो. मग ती पुढे जाते.